आगटीचें तोंड आणि धुराड्याचा गळा

इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्या मराठी वाचकाला एक वस्तु पानोपानीं भेटते. दिवाणखान्याच्या भिंतींत बसविलेली, भोंवतीं नक्षीदार चौकट असलेली, समोर दोन खुर्च्या मांडलेली अशी ती जाळाची जागा. इंग्रजींत तिला फायरप्लेस म्हणतात. महाबळेश्वरच्या एखाद्या जुन्या बंगल्यांत ती प्रत्यक्ष पाहावयास मिळते. एरव्हीं आपल्याकडे तिचें प्रयोजन नाहीं. आपली चूल स्वयंपाकघरांत, आणि थंडीचे चार दिवस शेगडीवर निभावतात. म्हणून या वस्तूला नेमका मराठी शब्दहि रुळलेला नाहीं. येथें तिच्यासाठीं आगटी हा जुना शब्द वापरला आहे, आणि धूर वर नेणाऱ्या वाटेसाठीं धुराडें.

आगटीचा इतिहास बहुधा वास्तुकलेच्या पुस्तकांत सांपडतो, आणि तेथें तो तिच्या चेहऱ्याचा इतिहास असतो. अमक्या राजाच्या कारकीर्दींत अमुक तऱ्हेचा दगड, तमक्या राणीच्या काळांत तमक्या रंगाच्या लाद्या. हा इतिहास खोटा नाहीं, पण अर्धा आहे. विटांची जुनी आगटी नव्या लाद्यांनीं किंवा दगडानें मढविण्याची हौस इंग्लंडांत तीन-चारशें वर्षें चालत आली आहे. परंतु खोली उबदार झाली कीं नाहीं, माणसांच्या डोळ्यांना धूर लागला कीं नाहीं, हें त्या मढविण्यावर क्वचितच अवलंबून असे. तें ठरत असे आंतल्या थोड्याशा विटांवर, आणि त्या विटा कोणाला दिसत नसत.

मुळांत आगटीला भिंतच नव्हती. केंट परगण्यांतील पेन्सहर्स्ट प्लेस या वाड्याचा मोठा दिवाणखाना १३४१ च्या सुमारास पुरा झाला. त्याच्या मध्यभागीं जमिनीवरची अष्टकोनी आगटी अजून आहे. तेथें ओंडके उघड्यावर जळत आणि धूर छपराकडे आपली वाट शोधीत जाई. सोळाव्या शतकांत विटांचीं धुराडीं झपाट्यानें वाढलीं. १५७७ सालीं विल्यम हॅरिसन या पाद्र्यानें इंग्लंडचें वर्णन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. हा एसेक्समधील रॅडविंटर गांवचा. आपल्या हयातींत झालेल्या ज्या तीन फरकांचें गांवांतले म्हातारे आश्चर्य करीत, त्यांत जिकडेतिकडे उभीं राहिलेलीं धुराडीं ही एक गोष्ट होती. बाकीच्या दोन म्हणजे अंथरुणें आणि भांडीं. मौज अशी कीं हॅरिसनला हा फरक सर्वस्वीं रुचलेला दिसत नाहीं. धुरानें घराचें लांकूड टणक होतें आणि घरधन्याचें सर्दीपडसें दूर राहतें, ही जुनी समजूत त्यानें मोठ्या आस्थेनें नोंदली आहे. धुरानें वासे टिकतात असें म्हणणारीं माणसें आपल्या कोंकणांतहि होतीं, तेव्हां त्याला हंसण्याचें कारण नाहीं.

विटांची ही पहिली आगटी म्हणजे एक लहानशी खोलीच असे. सहा-सात फूट रुंद तोंड, वर ओक लांकडाची जाड तुळई, आंत दोन्ही बाजूंस बसावयास कट्टे. जाळ मोठा होई, पण पुढून अंग भाजे आणि पाठ गारठे. कारण जाळ जितका मोठा तितकी खोलींतली हवा वर ओढली जाई, आणि तितकाच थंड वारा दारांच्या फटींतून आंत येई. लांकूड मुबलक होतें तोंवर हें चालून गेलें. पुढें लंडनच्या आसपासचें जळण महागलें, आणि सतराव्या शतकापर्यंत न्यूकॅसलहून गलबतांनीं येणारा दगडी कोळसा तेथें घरोघर जळूं लागला. कोळशाला रुंद जागा नको. त्याला उंचावर ठेवलेली लोखंडी जाळीची टोपली हवी. त्याचा जाळ आंखूड, धूर मात्र काळा आणि कडू. जुन्या आगटीच्या एवढ्या मोठ्या पोकळींत तो वर जाण्याऐवजीं खोलींत उतरे. तेव्हां तिचें तोंड लहान करणें भाग पडलें, आणि मढविण्याचा खरा इतिहास येथूनच सुरू होतो. तोंड लहान करावयाचें म्हणजे आंत नव्या भिंती घालावयाच्या. नव्या भिंती घातल्या म्हणजे त्या कशानें तरी सजवावयाच्या.

सरकारचेंहि लक्ष आगटीकडे वळलें होतें. १६६२ पासून दर आगटीमागें वर्षाला दोन शिलिंग कर बसला. ती मोजण्यासाठीं सरकारी माणसें घरांत शिरत, आणि इंग्रज माणसाला दोन शिलिंगांपेक्षां हें शिरणेंच अधिक झोंबे. १६८९ त विल्यम व मेरी गादीवर आल्यावर हा कर उठला. दरम्यान १६६६ च्या आगींत लंडन जळालें होतें, आणि पुढल्याच वर्षींच्या कायद्यानें शहरांतलीं नवीं घरें विटांचीं किंवा दगडाचींच असलीं पाहिजेत असें ठरलें. वीट अशी सर्वांची झाली. आणि जी वस्तु सर्वांच्या घरीं असते ती झांकावी असें ज्यांना परवडतें त्यांना वाटूं लागतें.

झांकण्याचीं साधनें दोन. मध्यम स्थितीच्या घराला लादी, धनिकाला संगमरवर.

लादी आली हॉलंडांतून. डेल्फ्ट गांवाच्या नांवानें ती प्रसिद्ध झाली, तरी इतर डच शहरांतहि ती होत असे. सुमारें पांच इंच चौरस, वर कथलाच्या भस्माची पांढरीशुभ्र झिलई, आणि तीवर निळ्या रंगांत एखादें जहाज, एखादें खेळणारें मूल, एखादा बायबलांतला प्रसंग. महागड्या चिनी भांड्यांचें साध्या मातींत केलेलें हें अनुकरण होय. लंडनच्या लँबेथ भागांत, ब्रिस्टल येथें आणि लिव्हरपूल येथें इंग्रज कुंभारांनींहि हा धंदा उचलला. आगटीच्या दोन्ही कुशींना अशा लाद्या बसविल्या म्हणजे जाळाचा उजेड खोलींत परते, आणि काजळी ओल्या फडक्यानें पुसली जाई. विटेवरची काजळी पुसली जात नाहीं. ती विटेंत मुरते.

या मुरलेल्या काजळीचा त्रास गवंड्याला भोगावा लागतो. जुन्या विटेवर नुसता चुना थापून लादी चिकटविली तर ती फार काळ धरत नाहीं. विटा खरवडून, टाचे मारून, सांधे उकरून घ्यावे लागतात. शिवाय कोळशाच्या धुरांतील डांबर व क्षार ओलाव्याबरोबर बाहेर येतात आणि गिलाव्यावर तपकिरी डाग उमटतात. वरून कितीहि हात सफेती दिली तरी ते डाग पुन्हां वर येतात. डच लादीची झिलईहि नाजूक. तिच्यावर चिमटा पडला कीं टवका उडालाच. म्हणून ती कुशींना शोभे, आणि जळत्या कोळशापुढची जमीन दगडाचीच ठेवीत. सरे परगण्यांतील रायगेट येथला एक वालुकाश्म आंच सोसतो, म्हणून त्याला ‘फायरस्टोन’ असेंच नांव पडलें.

लाद्यांनीं एक अनपेक्षित कामहि केलें. पुढें धर्मोपदेशक आणि स्तोत्रकार म्हणून नांवाजलेला फिलिप डॉड्रिज (१७०२–१७५१) याला बायबलांतल्या कथा त्याच्या आईनें शिकविल्या त्या आगटीच्या डच लाद्यांवरून, तो वाचावयास शिकण्यापूर्वीं. पण हातानें रंगविलेल्या या चित्रांचा काळ फार उरला नव्हता. १७५६ सालीं लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर व गाय ग्रीन या दोघांनीं शपथेवर जाहीर केलें कीं, आपण सहा तासांत बाराशेंहून अधिक लाद्या छापल्या. कोरलेल्या ठशावरून कागदावर आणि कागदावरून लादीवर चित्र उतरविण्याची ती युक्ति होती.

धनिकांची तऱ्हा निराळी. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत इनिगो जोन्स यानें इटली व फ्रान्सचे नमुने डोळ्यांपुढें ठेवून आगटीच्या चौकटी आंखल्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रॉबर्ट ॲडम यानें त्यांना हलकेपणा आणला. इटलींतील कॅरारा येथला पांढरा संगमरवर जहाजांतून येई. जोसाय्या वेजवुड यानें आपल्या जॅस्पर मातीचे फलक या चौकटींत बसविण्यासाठीं बनविले. लँबेथ येथें १७६९ पासून एलिनॉर कोड ही स्त्री भट्टींत भाजलेला कृत्रिम दगड स्वतःच्या नांवावर विकीत असे, आणि १८२१ त ती वारली तोंपर्यंत हा कारखाना तिच्या हातीं होता. परंतु संगमरवर कितीहि सुंदर असला तरी जातीनें तो चुन्याचाच दगड. जाळाच्या अगदीं जवळ तो तडकतो, भुरभुरतो. म्हणून चौकट आणि जाळ यांच्यामध्यें लाद्यांची किंवा साध्या दगडाची पट्टी ठेवावी लागे. मागें मात्र त्याच विटा आणि तोच चुना. पुढें धातूच्या अडकणांनीं धरलेली संगमरवराची पातळ पाटी. पाहुण्याला वाटे, सबंध आगटी दगडाची आहे. आणि एवढा खर्च होऊनहि वारा फिरला कीं धूर खोलींत येई तो येईच.

या धुराचा बंदोबस्त करणारा मनुष्य अमेरिकेंत जन्मला होता. बेंजामिन टॉम्प्सन, जन्म १७५३, मॅसॅच्युसेट्समधला. स्वातंत्र्ययुद्धांत तो इंग्रजांच्या बाजूला राहिला, पुढें बव्हेरियाच्या दरबारीं चाकरीस गेला आणि तेथें त्याला काउंट रम्फर्ड ही पदवी मिळाली. मनुष्य गर्विष्ठ, पण डोळस. तोफांच्या नळ्या कोरतांना उष्णता कशी उत्पन्न होते यावरील त्याचा १७९८ चा निबंध पदार्थविज्ञानाच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन १७९९ त निघाली तींतहि त्याची खटपट मोठी. म्यूनिकच्या भिकाऱ्यांसाठीं काढलेल्या उद्योगगृहांत कमींत कमी जळणावर जास्तींत जास्त माणसांचें अन्न कसें शिजवावें, याचा त्यानें बारकाईनें विचार केला होता. १७९५ त लंडनला आल्यावर त्याची दृष्टि तेथल्या आगट्यांकडे गेली, आणि पुढल्याच वर्षीं त्यानें त्यांवर निबंध छापला.

त्याचें म्हणणें असें. उघडी आगटी खोलीला ऊब देते ती हवा तापवून नव्हे, तर किरणें फेंकून. तेव्हां जाळ पुढें आणावा आणि मागची भिंत अरुंद करावी. इतकी कीं तिची रुंदी तोंडाच्या रुंदीच्या एक तृतीयांश राहील. कुशी सरळ न ठेवतां मागच्या भिंतीशीं १३५ अंशांचा कोन करून बाहेर उघडाव्या, म्हणजे किरणें भिंतींत न जिरतां खोलींत परततील. आणि सर्वांत महत्त्वाचा धुराड्याचा गळा. जाळाच्या वर जेथें धुराडें सुरू होतें, तेथली वाट समोरून मागें चार इंच असावी, फार अधिक नाहीं. जुने गळे इतके ऐसपैस असत कीं धुराबरोबर खोलींतली तापलेली हवाहि त्यांतून निघून जाई, आणि वरून थंड हवेचे झोत उलटे उतरत. गळा आंवळला कीं धूर वेगानें वर चढे आणि ऊब खोलींत राही.

याला खर्च काय? थोड्या विटा, थोडा चुना आणि समजूतदार गवंडी. कुशींसाठीं लोखंड वापरूं नये, असें रम्फर्डनें बजावलें; लोखंड किरणें परतवीत नाहीं, शोषून घेतें. आंच सोसणारा दगड घ्यावा, तो न मिळाल्यास साध्या विटेवर गिलावा करून ती पांढरी ठेवावी. शोभेचा विचार बाजूस ठेवून दगड, वीट आणि पांढरा रंग त्यांच्या गुणांसाठीं निवडण्याचा असा सरळ हिशेब तोंवर कोणी मांडला नव्हता असें म्हणावयास हरकत नाहीं. शेंकडो आगट्या त्यानें सुधारून दाखविल्या, आणि थोड्याच वर्षांत त्याचें नांव हें आगटीचेंच नांव होऊन बसलें. १८०० सालीं जेम्स गिल्रे या व्यंगचित्रकारानें खुद्द रम्फर्डच कोटाचे सोगे वर करून आपल्या आगटीपुढें पाठ शेकीत उभा असल्याचें चित्र काढलें.

जेन ऑस्टेनच्या ‘नॉर्दँगर ॲबे’ या १८१७ च्या अखेरीस बाहेर आलेल्या कादंबरींत तर ही आगटी एका निराशेचें कारण होते. भयकथा वाचून भारलेली नायिका एका जुन्या मठांत पाहुणी म्हणून येते. भली मोठी, जुन्या कोरीव कामाची आगटी पाहावयास मिळेल ही तिची अपेक्षा. आणि दिसते आटोपशीर रम्फर्ड आगटी, साध्या पण देखण्या संगमरवरी पाट्यांची, वर चिनी मातीच्या शोभेच्या वस्तु मांडलेली. वाचक नायिकेला हंसतो, पण घरधन्याचा बेत पाहण्यासारखा आहे. त्यानें तोंड आणि गळा दोन्ही एकाच वेळीं सुधारले होते. असें करणारे लोक थोडे.

गळा सुधारला तरी एका वर्गाच्या कष्टांत फरक पडला नाहीं. धुराडें आंतून झाडण्यासाठीं लहान मुलें वर चढवीत. शहरांतलीं धुराडीं नऊ इंच बाय चौदा इंच, कांहीं तर नऊ इंच चौरस, आणि तींहि वांकणें घेत मजल्यावर मजले चढणारीं. गळ्याच्या मागें एक सुटा दगड ठेवावा, म्हणजे तो काढून मुलाला वर जातां येईल, अशी सोय रम्फर्डनें आपल्या निबंधांत सुचविली होती. सूचना व्यवहारी होती. मुलानें वर जावेंच कां, हा प्रश्न त्या निबंधाच्या कक्षेंत नव्हता. १७७५ त पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्यानें धुराडीं झाडणाऱ्यांना काजळीमुळें होणारा कर्करोग नोंदला होता. विशिष्ट धंद्यापासून विशिष्ट कर्करोग होतो हें वैद्यकाला उमगलें तें या मुलांमुळें. १७८८ च्या कायद्यानें आठ वर्षांखालील मुलांना मनाई केली, १८४० च्या कायद्यानें एकवीस वर्षांखालील कोणासहि. दोन्ही कायदे बव्हंशीं कागदावर राहिले. लांब दांड्याचे ब्रश मिळत होते, पण त्यांनीं सामान खराब होतें अशी घरधन्यांची तक्रार असे. चकचकीत लाद्या आणि गालिचे असलेल्या घरांनीं ही तक्रार करावी, हें या इतिहासांतलें सर्वांत काळें पान होय. १८७५ त लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनीं परवान्यांचा आणि पोलिसांच्या देखरेखीचा कायदा मंजूर करून घेतला, तेव्हां कोठें ही चाल मोडली.

मधल्या काळांत लादी परत आली होती, आणि आतां ती कारखान्यांतून येत होती. १८४० त रिचर्ड प्रॉसर यानें मातीची कोरडी भुकटी सांच्यांत दाबण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें, आणि स्टोक येथल्या हर्बर्ट मिंटननें ती कृति लाद्यांकडे वळविली. ओल्या मातीची लादी वाळतांना वांकडी होते. भुकटीची सरळ, एकसारखी आणि स्वस्त पडते. मुंबईच्या जुन्या इमारतींत ज्या रंगीत नक्षीच्या फरशीला मिंटनची फरशी म्हणतात, तें नांव याच कारखान्याचें. विलायतेंत बिडाची तयार आगटी बाजारांत मिळूं लागली. तिच्या दोन्ही तिरप्या बाजूंच्या चौकटींत सहा इंची पांच-पांच लाद्या बसवीत. आवड पालटली कीं लाद्या पालटाव्या, विटांना हात लावण्याचें कारण नाहीं. विल्यम डि मॉर्गननें या लाद्यांना कलेच्या पदवीस नेलें. त्याच्या भट्टीच्या प्रयोगांत लंडनच्या फिट्झरॉय स्क्वेअरमधील घराचें छप्पर पेटलें, आणि १८७२ त त्यानें चेल्सींत नवें ठाणें मांडलें.

चेहरा खुलला, पोट मात्र बिघडलें. रम्फर्डनें वर्ज्य सांगितलेलें लोखंडच आतां घरोघर होतें. लीड्सचा शस्त्रवैद्य प्रिजिन टील यानें १८८० नंतरच्या दशकांत पुन्हां तेंच सांगितलें: लोखंड कमी, भट्टीची वीट अधिक. शिवाय या बिडाला काळी पूड लावून घासून चकाकी आणावी लागे, आणि तें काम मोलकरणीचें, तेंहि घरचीं माणसें उठण्यापूर्वींचें. लादी नुसती पुसली कीं झालें. लाद्यांच्या लोकप्रियतेंत चित्रांइतकाच या पुसण्याचा वांटा असला पाहिजे. पण जाहिरातींत मोलकरणीचें मत कोण विचारतो?

याच काळांत वारा उलटाहि वाहिला. १८५९–६० त फिलिप वेब यानें विल्यम मॉरिससाठीं बांधलेल्या ‘रेड हाउस’ या घरांत दिवाणखान्याची आगटी उघड्या तांबड्या विटांची, उंच आणि बेधडक ठेवली. इतकीं वर्षें जी झांकली ती वीट मुद्दाम दाखविण्याची वस्तु ठरली. अर्थात् ती दाखविण्याचें धैर्य, झांकण्याची ऐपत असणाऱ्यांनाच प्रथम झालें.

दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत ब्रिटनमध्यें सुमारें चाळीस लाख नवीं घरें उभीं राहिलीं. त्यांच्या बैठकीच्या खोलींत फिकट बदामी लाद्यांची, पायऱ्यापायऱ्यांची आगटी असावयाची हें ठरलेलेंच. कारखान्यांत काँक्रीटच्या पाटीवर लाद्या बसवून सबंध तुकडाच घरीं आणीत. जुन्या घरांतहि बिडाच्या आगट्या काढून, किंवा त्यांच्यापुढेंच, हे तुकडे उभे करण्यांत आले.

खोलींतला धूर अशा रीतीनें गेला. पण तो गेला कोठें? तो शहरावर गेला. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पांच दिवसांत लंडनवर धुकें आणि धूर यांचें एक गच्च झांकण बसलें. त्या वेळीं सुमारें चार हजार मृत्यु त्याच्या नांवावर मोजले गेले. पुढील काळांतील संशोधकांनीं हा आंकडा बारा हजारांपर्यंत नेला आहे. दोष एकट्या कारखान्यांचा आणि वीजघरांचा नव्हता. लाखों दिवाणखान्यांतल्या आगट्या त्यांत भागीदार होत्या. १९५६ त क्लीन एअर ॲक्ट झाला. धूररहित म्हणून ठरविलेल्या विभागांत आगटी बदलावयास लागणाऱ्या वाजवी खर्चाचे दहांपैकीं सात हिस्से घरधन्याला परत मिळण्याची त्यांत तरतूद होती. लाद्या आणि संगमरवर यांसाठीं सरकारनें कधीं पैसा दिला नव्हता; जाळी बदलण्यासाठीं तो दिला.

पुढें गॅस आला, नळांतून फिरणारें कढत पाणी आलें, आणि लोकांनीं आगट्यांवर फळ्या ठोकून त्या बुजविल्या. कित्येकांनीं हवेला वाट न ठेवतां धुराडीं बंद केलीं. बंद धुराड्यांत ओल धरली आणि जुन्या काजळीचे डाग भिंतीवर फुटले. नंतरच्या पिढीनें त्याच फळ्या उखडल्या. आतां कोणी उघडी वीट स्वच्छ करून ठेवतो, कोणी तिच्यावर नव्या लाद्या किंवा दगडाच्या पातळ चिपा बसवितो. जाळ पेटविणें मात्र पूर्वीसारखें सोपें राहिलेलें नाहीं. इंग्लंडांत घरगुती कोळशाची पिशव्यांतून होणारी विक्री १ मे २०२१ पासून आणि सुट्या कोळशाची १ मे २०२३ पासून बंद झाली आहे.

जुन्या खेडवळ घरांत आगटी उघडतांना कित्येकदां एकामागून एक पडदे सरकतात. प्रथम बदामी लाद्यांची पाटी निघते, तिच्यामागें बिडाची आगटी, तिच्यामागें रम्फर्डच्या कोनांत तिरप्या बांधलेल्या विटा, आणि त्या काढल्यावर सहा फुटांची मूळची पोकळी, वर काळवंडलेली तुळई. कधीं कधीं तेथल्या कोनाड्यांत किंवा धुराड्याच्या कडेला एखादा झिजलेला जोडा सांपडतो, पुष्कळदां लहान मुलाचा. घरांत वाईट शिरूं नये म्हणून बांधणारे तो तेथें ठेवीत असावेत, असें अभ्यासकांचें मत आहे. नॉर्दॅम्प्टनच्या संग्रहालयांत अशा लपविलेल्या जोड्यांची एक नोंदवही ठेवलेली आहे. तींत जागेच्या रकान्यांत सर्वांत अधिक वेळां येणारा शब्द आहे धुराडें.